सायकल पर्यटन, डोंगराळ प्रदेशातील

आवश्यक तेवढे सामान बरोबर घेऊन, टप्प्याटप्प्याने मुक्काम करीत, मुख्यतः निसर्गदर्शनासाठी सायकलवरून केलेल्या अनेक दिवसांच्या प्रवासास सायकल पर्यटन म्हणतात. शर्यतीत वेगाला आणि रोजच्या वापरात सोयीला महत्त्व असते. पर्यटनात मात्र मार्ग हाच हेतू असतो. पादचाऱ्याला एका दिवसात न झेपणारा आणि मोटारीतून जाणाऱ्याच्या नजरेतून निसटणारा मुलूख सायकलस्वाराला पुरेशा सावकाशीने पाहता येतो. डोंगराळ प्रदेशात या प्रवासाचा आनंद वाढतो, तसेच त्यातील श्रम व धोकेही वाढतात. यास्तव तेथे पूर्वनियोजनास विशेष महत्त्व प्राप्त होते. प्रस्तुत नोंदीत या नियोजनाची तत्त्वे महाराष्ट्रातील अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उदाहरणाने स्पष्ट केली आहेत.

इतिहास : दोन्ही चाके सारख्या आकाराची असलेली व साखळीने मागील चाक फिरविणारी ‘सुरक्षित’ सायकल जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले. या दोन सुधारणांमुळे लांबचा प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. तथापि सायकल पर्यटकांची संघटना ब्रिटनमध्ये त्यापूर्वीच, १८७८ मध्ये, स्थापन झाली होती. तसेच टॉमस स्टीव्हन्स यांनी पुढील चाक प्रचंड मोठे असलेल्या जुन्या धर्तीच्या सायकलवरून १८८४–८६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. भारतात या परंपरेचा आरंभ मुंबईच्या पारशी तरुणांनी केला. १९२३ मध्ये सहा तरुण मुंबईहून जगप्रवासास निघाले; त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे प्रवास पूर्ण करून १९२८ मध्ये परतले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सायकल दीर्घकाळ दूधवाला, टपालवाला व शाळकरी मुले यांचे वाहन राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारसायकलींनी तिची जागा घेतली. एकविसाव्या शतकात अनेक गिअर असलेल्या हलक्या सायकली सुलभ झाल्यावर शहरी लोकांत सायकल पर्यटनाची आवड पुन्हा वाढली [⟶ सायकल].

प्रदेशाचे स्वरूप : अहमदनगर हा क्षेत्रफळाने (१७,०४८ चौ. किमी.) महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. याचा बराचसा भाग पठारी व पर्जन्यछायेतील असून त्याची ख्याती अवर्षणप्रवण अशीच आहे. पश्चिमेकडील अकोले तालुका मात्र सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.), तसेच हरिश्चंद्रगड व रतनगड हे किल्ले याच तालुक्यात व त्याच्या सीमेवर आहेत. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात व मुळा नदी हरिश्चंद्रगडाच्या परिसरात उगम पावते. घाटघर, रतनवाडी या माथ्यावरील गावांत वर्षाला ४०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो, तर अहिल्यानगर शहरी तो ६० सेंमी.च्या आसपासच असतो. या दोहोंतील अंतर १५० किमी.हून फारसे अधिक नाही. भातखाचरे, ऊसमळे, बाजरीची माळराने व खडकाळ टेकड्या हे सारे आठवड्याच्या प्रवासात क्रमाने दिसत असल्याने सायकल पर्यटनाच्या दृष्टीने हा जिल्हा लक्षणीय ठरतो.

चढ व अंतर : नवखा पर्यटक दिवसाचा टप्पा किलोमीटरमध्ये मोजतो, डोंगराळ भागात ही रीत फसवी ठरते. तेथे टप्प्याचे खरे माप म्हणजे त्यातील एकूण चढ होय. स्वार, सायकल व सामान यांचे मिळून वजन ९० किग्रॅ. धरल्यास १०० मी. उंच चढण्यासाठी सु. ८८,००० जूल एवढे कार्य करावे लागते. दिवसभर प्रवास करणारी निरोगी व्यक्ती सरासरी १०० वॉट शक्ती पुरवू शकते असे मानल्यास एवढ्या चढाला केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठीच सु. १५ मिनिटे लागतात. त्याच शक्तीने सपाटीवर ताशी २० किमी.च्या आसपास वेग मिळतो, ५ टक्के चढावर (१०० मी. अंतरात ५ मी. चढ) तो ताशी ७ किमी.पर्यंत उतरतो. यावरून एक स्थूल नियम काढता येतो : चढाच्या दर १०० मी.साठी टप्प्यात सपाटीवरील साडेतीन किमी. अधिक धरावे. उदा., ४५ किमी.च्या टप्प्यात एकूण ६०० मी. चढ असेल, तर तो सपाटीवरील सु. ६५ किमी.इतका समजावा. उतारावर काही वेळ परत मिळतो. परंतु वळणे, खड्डे व गुरेढोरे यांमुळे तेथे वेग आवरावा लागतो, म्हणून तो हिशेबात न धरणेच श्रेयस्कर असते.

एकूण चढ म्हणजे आरंभस्थान व मुक्कामाचे ठिकाण यांच्या उंचीतील फरक नव्हे. इगतपुरी सु. ६०० मी. व भंडारदऱ्याजवळील शेंडी सु. ७५० मी. उंचीवर आहे; फरक केवळ दीडशे मीटरांचा दिसतो. परंतु वाटेत रस्ता अनेक ओढ्यांत उतरतो व पुन्हा चढतो, आणि उतरलेला प्रत्येक मीटर पुन्हा चढावा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर २० मी. अंतराने समोच्च रेषा दाखविलेल्या असतात. रस्त्याने ओलांडलेल्या चढत्या रेषा मोजून ही बेरीज करता येते. अंकीय नकाशांवरून हेच काम आता क्षणात होते. तथापि रस्ता अतिशय वळणावळणाचा असल्यास असे आकडे चुकू शकतात. शिवाय रतनवाडी, साम्रद यांसारख्या डोंगरांनी वेढलेल्या गावांत भ्रमणध्वनीचा संपर्क अनेकदा तुटतो. म्हणून मार्गाचा कागदी नकाशा व अंतरांची टिपणे जवळ असणे इष्ट होय.

सायकल व साहित्य : चढाचा प्रदेश सायकलचा सर्वांत हलका गिअर ठरवितो. पायट्यांजवळील व मागील चाकाजवळील दातेरी चक्रांच्या दात्यांची संख्या समान असेल, तर पायट्यांच्या एका फेऱ्यात सायकल सु. २·१ मी. पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारल्यास वेग ताशी साडेसात किमी. पडतो, म्हणजे ५ टक्के चढावर साधारण झेपेल एवढाच. गावोगावी दिसणाऱ्या एकाच गिअरच्या काळ्या सायकलीत एका फेऱ्यात सु. ५ मी. अंतर कापले जाते. त्यामुळे चढावर पायट्यांवर दुपटीहून अधिक जोर लावावा लागतो व स्वार उतरून चालू लागतो. यात कमीपणा नाही. तीव्र चढावर सायकल हाताने ढकलत नेणे हे शहाणपणाचेच असते. या भागातील रस्त्यांसाठी ३२ ते ४० मिमी. रुंदीचे टायर उपयुक्त ठरतात. शर्यतीचे अरुंद टायर पावसाने उखडलेल्या रस्त्यांवर टिकत नाहीत. सामान ८ ते १० किग्रॅ.हून अधिक नसावे आणि ते पाठीवर न घेता कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, जड वस्तू तळाशी ठेवून, विभागावे. दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पंप, साखळीचा जोड, ब्रेकच्या जादा गुटक्या, आवश्यक पाने, शिरस्त्राण, पुढचा व मागचा दिवा आणि प्रथमोपचार साहित्य एवढे अनिवार्य मानावे. अकोले व संगमनेर येथे साध्या सायकलींची दुरुस्ती होऊ शकते. परंतु विशेष भाग तेथे मिळतीलच असे गृहीत धरू नये.

उताराचे धोके : चढावर दमछाक होते, परंतु गंभीर अपघात प्रायः उतारावर घडतात. वेग दुप्पट झाला की सायकलची गतिज ऊर्जा चौपट होते व थांबण्यास लागणारे अंतरही त्याच प्रमाणात वाढते. ताशी २० किमी. वेगात सहज टळणारा खड्डा ताशी ४० किमी. वेगात टळत नाही. उतरण्यापूर्वी दोन्ही ब्रेक, चाके घट्ट करणारे खिळे व टायरमधील हवा तपासावी. वळणात शिरण्याआधीच वेग कमी करावा, वळणावर एकदम ब्रेक दाबू नये. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवल्यास चाकाची धाव तापते; त्याऐवजी थोड्या थोड्या वेळाने दोन्ही ब्रेक जोराने दाबून सोडावेत व मधून थांबून हात मोकळे करावेत. धाव ओली असता धावेवर दाबणारे ब्रेक उशिरा लागतात, हे पावसाळी प्रवासात विशेष ध्यानात ठेवावे.

ऋतू व वेळ : सप्टेंबरची अखेर ते डिसेंबरचा मध्य हा काळ सर्वांत अनुकूल होय. या सुमारास भंडारदऱ्याचा जलाशय भरलेला असतो, ओढे वाहते असतात व आरंभीच्या दिवसांत डोंगरउतार सोनकीच्या पिवळ्या फुलांनी बहरलेले असतात. जून ते ऑगस्ट या महिन्यांत निसर्ग अत्यंत रमणीय असला, तरी धुके, दरडी, निसरडा रस्ता व शनिवार-रविवारी होणारी मोटारींची दाटी यांमुळे माथ्यावरील सायकलप्रवास धोक्याचा ठरतो. मार्चपासून ऊन वाढते. पूर्वेकडील तालुक्यांत मे महिन्यात तापमान ४०° से.च्या आसपास जाते. वाऱ्याची दिशाही विचारात घ्यावी लागते. पावसाळ्यात पारनेरच्या पठारावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. तेथील कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभारल्या आहेत, त्या याच वाऱ्यामुळे. त्या काळात पठारावरचा प्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडे करणे सुलभ जाते.

हिवाळ्यात दिवस सु. ११ तासांचाच असतो. पहाटे उजाडताच निघून दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोचावे, असा टप्पा आखावा. यास दोन स्थानिक कारणे आहेत. उसाचा गळीत हंगाम प्रायः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो; अकोले, संगमनेर व राहुरी भागांतील रस्त्यांवर त्या वेळी दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रात्रंदिवस ये-जा असते व अंधारात ट्रॉल्यांची मागील बाजू दिसत नाही. दुसरे म्हणजे याच ऊसक्षेत्रात बिबट्यांचा वावर आहे. कातरवेळी मळ्यांमधून सायकल चालविणे म्हणूनच टाळावे.

आहार व पाणी : मानवी स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते. त्यामुळे १०० वॉट शक्तीने पाच तास सायकल चालविल्यास नेहमीच्या आहाराखेरीज सु. १,९०० ते २,००० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ती एका जेवणात भरून न काढता दर तासाला थोडे खाऊन पुरवावी; केळी, गूळ-शेंगदाणे, चिक्की, भाकरी यांचा चांगला उपयोग होतो. पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर व उन्हात त्याहून अधिक लागते. घामावाटे क्षार जात असल्याने साध्या पाण्याबरोबर मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. शेंडी व राजूर येथे खानावळी आहेत. सरोवराभोवतीच्या गावांत आधी सांगितल्यास घरगुती जेवण मिळते, परंतु ऐनवेळी मिळेलच असे नाही.

मार्ग : पुढील सात दिवसांचा मार्ग वरील तत्त्वांना धरून आखला आहे, त्यातील अंतरे स्थूल आहेत. कसारा घाटात सु. ३०० मी.चा चढ व अवजड वाहनांची वर्दळ असल्याने प्रवासाचा आरंभ इगतपुरीपासून करावा. तेथवर सायकल लोहमार्गाने पार्सलद्वारा नेता येते. समृद्धी महामार्ग या परिसरातून जातो, परंतु त्यावर दुचाकींना मनाई आहे. पहिल्या दिवशी इगतपुरी–घोटी–बारी–शेंडी हा सु. ४५ किमी.चा टप्पा करावा. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी हे गाव याच वाटेवर लागते.

दुसरा दिवस सरोवराच्या प्रदक्षिणेसाठी राखावा. प्रवरेवरील भंडारदरा (विल्सन) धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाभोवती शेंडी–रतनवाडी–साम्रद–घाटघर–शेंडी असा ४५ ते ५० किमी.चा फेरा होतो. रतनवाडीचे कोरीव अमृतेश्वर मंदिर, साम्रदजवळची सांदण दरी व घाटघरचा कोकणकडा ही त्यावरील प्रेक्षणीय स्थळे होत. सामान शेंडीला ठेवून हलक्या सायकलने हा फेरा करावा. रतनवाडीपुढील रस्ता चढउतारांचा व जागोजागी उखडलेला असतो. सांदण दरीत उतरणे हा स्वतंत्र साहसाचा भाग असून सायकलच्या दिवशी तो जोडू नये.

तिसरा दिवस विश्रांतीचा असावा. चौथ्या दिवशी शेंडी–रंधा–राजूर–अकोले (सु. ३५ किमी.) असे उतरावे, वाटेत प्रवरेचा रंधा धबधबा लागतो. अकोले तालुक्यातीलच कोंभाळणे या गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बीजबँक उभी केली आहे. या कार्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री किताब जाहीर झाला. पाचव्या दिवशी अकोले–संगमनेर–चंदनापुरी घाट–आळेफाटा हा सु. ७० किमी.चा मार्ग येतो. त्यातील पुणे–नाशिक महामार्गाचा भाग वर्दळीचा असल्याने संगमनेर पहाटेच सोडता यावे, यासाठी आदल्या दिवशी जमल्यास संगमनेरपर्यंत पोचावे. आळेफाटा हे पुणे जिल्ह्यात मोडते. सहाव्या दिवशी तेथून पूर्वेकडे पुन्हा जिल्ह्यात शिरून टाकळी ढोकेश्वरचे लेणे पाहून पारनेर गाठावे. निघोज येथील कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे पाहावयाचे असल्यास आणखी एक दिवस धरावा. सातव्या दिवशी पाणलोट विकासासाठी प्रसिद्ध असलेल्या हिवरे बाजारमार्गे अहिल्यानगर शहरी प्रवास संपतो.

शहराच्या पूर्वेस गर्भगिरीच्या डोंगररांगा असून त्यांत वृद्धेश्वर, मढी ही नाथ संप्रदायाची क्षेत्रे आहेत. शहरापासून जवळच, सु. २५० ते ३०० मी. उंच अशा डोंगरावर ‘चांदबिबीचा महाल’ या नावाने ओळखली जाणारी वास्तू आहे. वस्तुतः ती निजामशाहीतील सलाबतखान (दुसरा) याची कबर होय. माथ्यापर्यंत गाडीरस्ता असल्याने स्थानिक सायकलस्वारांना सरावासाठी हा चढ उपयोगी पडतो. पर्यटनास निघण्यापूर्वी किमान सहा ते आठ आठवडे सराव करावा व त्याच्या अखेरीस असा एक चढ पूर्ण सामानासह एकदा तरी चढून पाहावा.

गट व सुरक्षितता : तीन ते सहा जणांचा गट सोयीचा असतो. रस्त्यावर एकामागे एक चालावे आणि गटाचा वेग सर्वांत मंद स्वाराने ठरवावा. प्रत्येक घाटाच्या माथ्यावर व पायथ्याशी एकमेकांची वाट पाहण्याचा संकेत असावा. दिवसाचा मार्ग मुक्कामाच्या ठिकाणी आगाऊ कळवावा. अपघातप्रसंगी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. मोठी रुग्णालये संगमनेर व अहिल्यानगर येथे असल्याने माथ्यावरून तेथे पोचण्यास वेळ लागतो. प्रत्येक टप्प्यासाठी माघारीचा पर्याय आधी ठरवावा. पाऊस, आजारपण किंवा मोडतोड यांमुळे टप्पा अर्ध्यावर सोडून एस. टी. अथवा जीपने जाणे यास अपयश मानू नये.

परिसर व स्थानिक जीवन : भंडारदऱ्याभोवतीचा बराच प्रदेश १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. येथील वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी व ठाकर या आदिवासी जमातींची असून भात, नागली व वरई ही त्यांची पिके होत. पर्यटनाने या गावांना रोजगार दिला, तसा उपद्रवही दिला. मे महिन्याची अखेर व जूनचा आरंभ या काळात येथील झाडांवर काजवे लखलखतात. काजव्यांचा प्रकाश हा नर-मादींचा परस्परांस दिलेला संकेत असतो. तो पाहण्यासाठी रात्री येणाऱ्या शेकडो मोटारींच्या दिव्यांनी नेमक्या याच संकेतात व्यत्यय येतो. प्लॅस्टिकचा कचरा व वाहनांची कोंडी हेही प्रश्न आहेतच. सायकलला इंधन लागत नाही, तिचा आवाज होत नाही आणि तिच्या संथ गतीमुळे पर्यटक वाटेतील लहान गावांतच थांबतो, जेवतो व मुक्काम करतो. पैसा थेट त्या घरांत पोचतो. मात्र हे गुण आपोआप प्रकट होत नाहीत. वनखात्याचे नियम पाळणे, कचरा परत नेणे, घरे व माणसे यांची छायाचित्रे विचारूनच घेणे आणि जेवणाचा योग्य मोबदला देणे ही पर्यटकाची कर्तव्ये होत.

डोंगराळ प्रदेशातील सायकल पर्यटनाचे नियोजन म्हणजे शेवटी स्वतःच्या शक्तीचे व प्रदेशाच्या स्वभावाचे माप घेणे होय. चढ, उजेड व पाणी या तिहींचा हिशेब जुळला, की अंतर ही गौण बाब ठरते. ज्या टप्प्यात थांबून पाहण्यास दोन तास शिल्लक राहतात, तो टप्पा योग्य आखला गेला असे समजावे.